चिपळीची शेपटी

या, असे जवळ येऊन बसा. पाय वर घेतलेत तरी चालेल. फोन तेवढा पालथा ठेवा, फार वेळ घेणार नाही. कीर्तनाला जायचं आणि घरी येऊन ऐकलेलं आख्यान शेजारणीला रंगवून सांगायचं, यात माझा जन्म गेला. आज सांगणार आहे ते मात्र कुठल्या पोथीतलं नाही. एका कुत्रीच्या शेपटीची हकिगत आहे. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा मिळणार नाही.

मी पूर्णिमा. आयर्लंडमधल्या कॉर्कला एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. २०२०च्या फेब्रुवारीत माझे यजमान, विवेक, आजारी सासूबाईंजवळ म्हणून नाशिकला गेले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे विमानं सुरू झाली, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणजे मी इकडे, ते तिकडे. घरात बोलायला देव्हारा. देव ऐकतो सगळं, पण उलट काही विचारत नाही. म्हणून जूनमध्ये मी कुत्रा आणला.

कुत्रा म्हणजे कुत्रीच, शर्यतीतून काढलेली ग्रेहाऊंड. चार वर्षांची, राखेच्या रंगाची, पट्ट्यापट्ट्यांची. दोन्ही कानांत हिरव्या शाईनं गोंदलेली अक्षरं. इतकी हडकुळी की बरगड्यांवर हार्मोनियम वाजवावी. आणि शेपटी? शेपटी मला दिसलीच नाही. ती मागच्या पायांमधून पोटाखाली घट्ट दाबलेली होती. मी व्हिडिओ कॉलवर विवेकना म्हटलं, "अहो, हिला शेपूटच नाहीये वाटतं."

"मग अर्ध्या किमतीत मिळाली का?" विवेक म्हणाले.

सात आठवडे ती शेपटी पोटाखालीच होती. मी तिला नुसतं 'बाळा' म्हणायची. ती भिंतीकडे तोंड करून निजायची, मी खोलीत आले की उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी आपली रोज तिच्या समोर जमिनीवर बसून तिच्याकडे न बघता पोळ्यांची कणीक मळायची आणि तोंडानं काहीबाही गुणगुणायची.

ऑगस्टच्या एका सकाळी मी ओट्याशी उभी राहून गात होते, आणि मागून आवाज आला. टक. टक. टक. वळून पाहिलं तर ही दारात उभी. शेपटी बाहेर. लांब, वेताच्या छडीसारखी, आणि ती इकडून तिकडे जाताना प्रेसच्या दारावर आपटत होती. इथे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात. मी कणकेचे हात तसेच ठेवून रडत बसले. त्या दिवशी तिचं नाव चिपळी ठेवलं.

पुढे महिन्याभरात चिपळीची शेपटी इतकी आनंदी झाली की फुटली. म्हणजे खरोखर. ग्रेहाऊंडच्या शेपटीवर ना मांस ना केस. भिंतीवर, दारावर आपटून आपटून टोकाची कातडी फाटते आणि मग ती हलेल तिथे रक्त. माझा हॉल हळदीकुंकवाच्या दिवशी कुणी करंडा उपडा केल्यासारखा दिसत होता. मी घाबरून तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरचं नाव ईफा. पस्तिशीची, लाल गालांची, बोलायला चुरुचुरु. तेव्हा आत जायला बंदी होती. गाडी आवारात लावायची, नर्स येऊन कुत्रा आत नेणार, डॉक्टर नंतर बाहेर येऊन सहा फुटांवरून सांगणार.

"हॅपी टेल म्हणतात याला," ईफा म्हणाली. "नाव गोड आहे, भिंती धुताना कळेल." टोकाला पट्टी बांधून तिनं वरून पाण्याच्या पाइपावर घालतात ते फोमचं वेष्टण चढवलं होतं. चिपळी त्या फोमकडे वळून वळून बघत होती, नवी बांगडी घातल्यासारखी.

मी म्हटलं, "पण मला समाधान आहे हो. शेपटी हलतेय, म्हणजे खूश आहे."

"कसली हलतेय, ते बघतेस का?" असं म्हणून त्या बाईनं, भर आवारात, आपला हात पाठीमागे कमरेशी नेला आणि त्याची शेपटी केली. एक गाडीवाला बघत राहिला. तिला फिकीर नाही. हात सैल सोडून कमरेसकट डुलवला. "ही खूश." हात वर ताठ उभा करून नुसतं मनगट थरथरवलं. "ही हलतेच आहे, पण हिच्या जवळ गेलीस तर चावा बसेल." मग हात खाली मांडीपाशी नेला आणि बोटं हळूच, लहान लहान हलवली. "आणि ही म्हणतेय, मला मारू नका, मी कुणी नाही. लोक हिलाच लाडानं जवळ ओढतात."

मी घरी येईपर्यंत ती तिन्ही हलणी पाठ केली. नंतर ईफानं आणखी एक सांगितलं होतं. थंड पाण्यात फार पोहलं की काही कुत्र्यांच्या शेपटीच्या मुळाचे स्नायू आखडतात आणि शेपटी ओल्या दोरीसारखी लोंबते. घाबरायचं नाही, चार-पाच दिवस विश्रांती दिली की आपोआप सुधारते. आमच्या गल्लीतल्या एका लॅब्रेडॉरला तसं झालं होतं. मी हे सगळं ज्याला त्याला सांगत सुटले. सर्वांत जास्त सांगितलं ते नंदूदादांना.

आता नंदूदादांची ओळख करून देते. नंदकुमार. मूळचे पुण्याचे, माझ्यासारखेच औषधाच्या, पण दुसऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. घर माझ्यापासून चालत वीस मिनिटांवर, एकटेच. आणि माणूस कीर्तनकार. हौशी म्हणायचं, पण उपरणं कमरेला बांधून झांज हातात घेतली की साक्षात. मी लहानपणापासून इतकी कीर्तनं ऐकली, पण इतका मोकळा आवाज फार थोड्यांचा. टाळेबंदीत देवळं बंद, मंडळं बंद, तेव्हा त्यांनी झूमवर कीर्तन सुरू केलं. दर रविवारी दुपारी दोनला, म्हणजे भारतात संध्याकाळी साडेसातला. वॉटरफोर्डचे हरीशभाऊ तांत्रिक बाजू सांभाळायचे, रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकायचे. नावनच्या इस्पितळात नर्स असलेल्या लताताई आरती म्हणायच्या. पन्नास-साठ घरं जोडली जायची. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की कशावर जगतेस, तर मी सांगितलं असतं, रविवारवर.

त्या नोव्हेंबरात भाऊबीजेला कुणाच्या घरी जायची परवानगी नव्हती. मी फाटकाच्या आत, नंदूदादा फाटकाबाहेर. वारा असा की निरांजन टिकेना. शेवटी मोबाइलच्या टॉर्चनं ओवाळलं.

"ताई, बॅटरी संपायच्या आत आशीर्वाद मागून घेतो," ते म्हणाले.

"मोठे तुम्ही आहात. आशीर्वाद तुम्ही द्यायचा."

"मग देतो. काहीही लागलं तर पहिला फोन मला. रडायचं असलं तरी."

चिपळी फाटकाच्या गजांतून नाक घालून त्यांचा हात हुंगत होती. शेपटी सैल, कमरेसकट. मी ते त्यांना दाखवलं, उंची बघा, ढिलेपणा बघा. नंदूदादा हसले. "अहो, कुत्रं शेपूट हलवतं, त्याला टीका कशाला लिहायची? तुमच्या त्या डॉक्टरीणबाई एखाद्या दिवशी शेपटीवर पूर्वरंग सांगतील."

मलाही हसू आलं. त्यांचं सगळंच मला आवडत असे.

जानेवारीत कोविडनं मला गाठलं. मंगळवारी, पाच तारखेला रिपोर्ट आला आणि अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं. पहिला फोन, सांगितलं होतं तसा, नंदूदादांना. ते तासाभरात आले. मी मागच्या दारातून चिपळीला सोडलं, तिचं अंथरूण आणि एक कागद बाहेर ठेवला. कागदावर खाणं, औषध, फिरायची वेळ. आणि खाली लाल पेननं: 'दार लावण्याआधी मागे बघा. ही खोलीतून जाते, शेपटी नंतर जाते.'

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "पूर्णिमाताई, निश्चिंत व्हा. तुमची लेक म्हणजे माझी भाची." चिपळीनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्यामागे गेली. शेपटी खाली होती, पण पोटाखाली नव्हती. मी खिडकीतून तेवढं बघितलं आणि झोपले.

दहा तारखेचा रविवार. ताप एकशे दोन. उशीला फोन टेकवून कीर्तन लावलं. त्या दिवशीचा विषय होता शरणागती. आलेल्याला ठाव देणारा तो देव. नंदूदादा बोलत होते आणि त्यांच्या मागे, खोलीच्या कोपऱ्यात, चिपळी! पाच दिवसांनी दिसली. शेपटी खाली, लहान लहान हलत होती. स्क्रीनवर लोकांचे मेसेज येऊ लागले. 'कुत्रीनं शेपटीनं ठेका धरलाय.' 'केवढं पुण्य त्या जिवाचं.' माझा ऊर भरून आला. ईफानं आपली बोटं मांडीपाशी नेऊन दाखवलं होतं ते माझ्या डोक्यात आलंच नाही. मला ठेका दिसला.

पूर्वरंग संपला आणि नामाचा गजर सुरू झाला. गजराला डोळे मिटायचे ही आमची जुनी रीत. कीर्तनकार झांज टिपेला नेतो, सगळे डोळे मिटून टाळी धरतात. साठ घरांत साठ जणांनी डोळे मिटले. मीही मिटले. झांजेचा वेग वाढत गेला आणि मधेच एक किंकाळी आली. लांब, वर चढत जाणारी. क्षणभर झांज थांबली. मग नंदूदादांचा आवाज आला, भरलेला, कापरा:

"ऐकलंत मंडळी? नामाचा गजर ऐकून मुक्या जिवानं साद घातली! आपण माणसं असून आपला कंठ दाटत नाही, आणि ही बघा!"

मेसेजांचा पाऊस पडला. मी अंथरुणात उठून बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी टाइप केलं, 'धन्य झाली माझी चिपळी.' तारीख, वेळ, सगळं अजून आहे तिथे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ताई, काल सकाळी जरा गंमत झाली. नदीवर नेलं होतं, तर ही पाण्यात उतरली. चांगली पोहली. आज शेपटी लोंबतेय. तुम्ही सांगितलं होतंत ना, थंड पाण्याचं? तेच दिसतंय."

"पोहली? चिपळी? ती तर डबक्याला वळसा घालून जाते."

"माझ्याबरोबर उतरली," ते म्हणाले. "मामाचा लाड."

मला बरं वाटलं. धीट झाली म्हणून. मी त्यांना परत सगळं समजावलं, विश्रांती द्या, ओढू नका, चार-पाच दिवसांत उभी राहील. ते 'हो ताई, हो ताई' म्हणत होते. संक्रांतीला दारात तिळगुळाचा डबा ठेवून गेले. रोज एक फोटो पाठवायचे. चिपळीचं तोंड, चिपळीचे कान, चिपळी चादरीखाली. नुसतं तोंड, रोज. मी कारखान्यात कागदावरची एक गाळलेली सही लांबून ओळखते, आणि नऊ फोटोंत शेपटी नाही हे मला दिसलं नाही.

एकोणीस तारखेला, मंगळवारी, मी धड चालू लागले तेव्हा ती घरी आली. नंदूदादांनी तिला फाटकाशी सोडलं, घाईत आहे म्हणाले आणि गेले. चिपळी माझ्याकडे आली. तिचं अंग डुललं, कंबर डुलली, डोकं माझ्या मांडीत घुसलं. शेपटी मात्र जागची हलली नाही. लोंबत होती, आणि मधोमध तिला एक कोन होता. मी हात लावला. टोकाकडची अर्धी शेपटी थंड होती. कोविडमुळे मला कसलाच वास येत नव्हता. तशीच तिला गाडीत घालून ईफाकडे नेलं; नंतर तिथली नर्स म्हणाली, गाडीचं दार उघडल्याबरोबर कळलं.

ईफा अर्ध्या तासानं बाहेर आली. या वेळी हात पाठीमागे नेला नाही.

"हिची शेपटी कुठे अडकली?"

"अडकली नाही. पोहली होती. थंड पाण्यानं—"

"कुणी सांगितलं?"

"ज्यांच्याकडे होती त्यांनी."

"युअर मॅन खोटं बोलतोय," ती म्हणाली. 'तो तुझा माणूस' असं तिला म्हणायचं नव्हतं. इथे कुणाही त्रयस्थ पुरुषाला युअर मॅन म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरी ते दोन शब्द मला लागले. "पाण्यानं आखडलेली शेपटी मुळाशी दुखते आणि जिवंत असते. ही मधे चेचलीये, पूर्ण गोल. दोन मणके फुटलेत. दाराची खूण आहे ही, मी दर महिन्याला एक बघते. आठ-दहा दिवस झालेत. पुढचं सगळं मेलंय, काळं पडलंय. त्याच दिवशी आणली असतीस तर जखम धुऊन, बांधून निदान प्रयत्न केला असता. आता आजच कापावी लागेल, नाहीतर वर चढेल."

"किती?"

तिनं हाताची चार बोटं दाखवली. मला वाटलं चार बोटं कापणार. ती म्हणाली, "एवढी राहील."

मी गाडीत बसून राहिले. पाऊस नव्हता, काही नव्हतं, नुसतं करडं आकाश. आत चिपळीला भूल देत होते. मी फोन काढला आणि हरीशभाऊंनी टाकलेलं त्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. का लावलं? खरं सांगते, त्या किंकाळीसाठी नव्हे. मला नामाचा आधार हवा होता, आणि मला दुसरा कुणाचा आवाज माहीत नव्हता. गजर आला. सवयीनं डोळे मिटत होते, ते मी उघडे ठेवले, कारण नर्स बोलवेल म्हणून दवाखान्याच्या दाराकडे लक्ष ठेवायचं होतं.

म्हणून दिसलं. झांज वाढत होती तशी कोपऱ्यातली चिपळी कान मागे टाकून उठली आणि दारातून बाहेर निघाली. आवाज सहन होत नव्हता तिला. नंदूदादा झांज वाजवत मागे मागे सरकले आणि न वळता टाचेनं दार ढकललं. जोरात. किंकाळी. ते वळले. त्यांनी पाहिलं. पाहिलं, हे मी शपथेवर सांगते, कारण ते दार उघडताना वाकले, आणि शेपटी बाहेर जाईपर्यंत थांबले, आणि मग दार पुन्हा लावलं. तेवढ्यात कॅमेऱ्याकडे तोंड. 'ऐकलंत मंडळी?' साठ जण डोळे मिटून होते.

मी ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहवेना. फोन लावला.

"नंदूदादा, चिपळीची शेपटी कापतायत."

"अरे देवा. इतकं?"

"दार लागलं होतं."

"ताई…"

"मी रेकॉर्डिंग पाहिलंय. उगाच काही बोलू नका."

"कीर्तन चालू होतं, ताई. साठ माणसं. गजर मधेच तोडायचा कसा? रंगाचा बेरंग झाला असता."

"रंग राहू दे. नंतर? कीर्तन चार वाजता संपलं."

"नंतर बघितलं तर रक्त नव्हतं फारसं. मला वाटलं, मुका मार आहे. तुम्ही तापानं फणफणलेल्या, तुम्हाला कशाला घोर लावायचा?"

"आणि नदी? ती कशाला?"

त्यांनी पुन्हा नुसतं 'ताई' म्हटलं.

"दादा, तुमच्या कारखान्यात कुणाच्या हातून बाटली फुटली तर काय करतात? त्याच पाळीत लिहून द्यायचं, हो ना? आपण दोघं नव्या पोरांना हेच शिकवतो. चुकलात तरी चालेल, दडवू नका. मी सांगितलेलंच औषध माझ्याच गळ्यात घातलंत तुम्ही. लोंबती शेपटी, चार दिवस विश्रांती. मला डॉक्टरकडे जाऊ न देण्यासाठी माझेच शब्द वापरलेत."

"रागावू नका. खर्च मी—"

"खर्चाचं नाव काढू नका."

"बरं. पण एक विनंती आहे. मंडळात बोलू नका. लोकांची श्रद्धा असते हो. माझं जाऊ दे, कीर्तनाचं नाव खराब होईल." आणि मग, हळू आवाजात, जणू मला समजावत, "आणि ताई, त्या दिवशी तुम्हीच तर लिहिलंत, धन्य झाली म्हणून."

ते मी लिहिलं होतंच. मी फोन ठेवला.

चिपळी घरी आली ती गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून, मागे पांढऱ्या पट्टीचा एक गोळा. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून निजली. जूनमध्ये निजायची तशीच.

पुढच्या रविवारी मी झूमला गेले. गप्प राहायचं ठरवून गेले होते, देवाशपथ. वाटलं, माणूस चुकतो, नामाचं काय चुकलं? पण कीर्तनाआधी गप्पा चालल्या होत्या आणि लताताई म्हणाल्या, "पूर्णिमा, अगं आमच्या वारकरीणबाई कुठायत? साद घालणाऱ्या? दर्शन दे ना!" बाकीचेही 'हो हो, चिपळी, चिपळी' करू लागले. नंदूदादा उपरणं नीट करत होते, मान खाली.

मी लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा चिपळीकडे वळवला. नरसाळं दिसलं, पट्टी दिसली. मी म्हटलं, "ती साद नव्हती, लताताई. गजरात दादांच्या हातून तिची शेपटी दारात चेंगरली. त्यांनी पाहिलं होतं. नऊ दिवस मला सांगितलं नाही. मंगळवारी शेपटी कापली. हरीशभाऊंच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं आहे, डोळे उघडे ठेवून बघा."

साठ चौकोन. मला वाटलं, आता कुणीतरी 'नंदकुमार, हे खरं का?' म्हणेल. लताताई तरी. रोज माणसांच्या जखमा बांधणारी बाई.

"बिचारी गं," त्या म्हणाल्या. "होतं असं कधीकधी. जाऊ दे, पूर्णिमा, देवाची इच्छा. बुवांनाही किती वाईट वाटत असेल. चला, वेळ झाली, नाम घेऊ या."

हरीशभाऊंनी मला म्यूट केलं. चुकून असेल, सुरुवातीला ते सगळ्यांनाच करतात. मी ओठ हलवत होते. नंदूदादांनी वर पाहिलं, कॅमेऱ्यात, हात जोडले, आणि झांज उचलली.

पहिल्या ठोक्याला चिपळी उठली. नरसाळं टेबलाच्या पायाला आपटत, घसरत, ती सोफ्याच्या मागे गेली आणि भिंत आणि सोफा यांच्या फटीत शिरली. मी वाकून पाहिलं. पट्टीतली ती चार बोटं तिनं जितकी दाबता येतील तितकी खाली दाबली होती. पोटाखाली न्यायला आता शेपटी उरली नव्हती, तरी ती नेऊ बघत होती. स्क्रीनवर सगळ्यांनी डोळे मिटले होते.

मी लॅपटॉप बंद केला. ते माझं शेवटचं कीर्तन.

हे सांगते आहे तोपर्यंत वर्ष सरत आलंय. ग्रुपवर मी नाही. नंदूदादांनी दोन पत्रं टाकली; एक वाचलं, त्यात माफीपेक्षा अडचणी जास्त होत्या. दुसरं उघडलेलं नाही. चिपळी खाते, फिरते. बागेत भेटणारी माणसं विचारतात, ही अशी काय, खूश आहे की नाही कळतच नाही. दुसरे कुत्रेही तिच्यापाशी गोंधळतात, मागे बघतात, काही सापडत नाही आणि निघून जातात. मला कळतं. कानांवरून, पाठीवरून, थोडं श्वासावरून. पण माझ्यावर ती पुन्हा पूर्ण विसंबली आहे का, ते कुठून वाचू? जिथे वाचायला शिकले होते ते पान गेलं. संध्याकाळी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून नाम घेते, झांज नाही, टाळी नाही, अगदी हळू. डोळे उघडे ठेवून. ती कधी उठून जाते, कधी थांबते.

ऐकलंत, बरं वाटलं. आता एवढं करा. देवापुढे बसाल तेव्हा कुणाकुणाचं नाव घेत असाल, त्यात एकदा चिपळीचं घ्या. खरं तर मी नंदकुमारांचंही घ्या म्हणायला हवं, माझ्या भावाचं. तेवढं मन अजून झालं नाही माझं. आज तिच्या एकटीचंच घ्या.